बोट बस कधी होते?

पाली म्हटलं की बहुतेकांना रायगड जिल्ह्यातली बल्लाळेश्वराची पाली आठवते. मी राहतो ती पाली रत्नागिरीजवळची, मुंबई-गोवा महामार्गावरची. आमच्या गावाला समुद्र नाही, खाडीही नाही. लांज्याकडे जाताना अंजणारीच्या पुलाखाली काजळी नदी दिसते, ती पुढे चांदेराईवरून भाट्याच्या खाडीला मिळते. आमचा पाण्याशी संबंध एवढाच. मग शहरातल्या नदीबसवर बोलायला पालीचा माणूस कशाला, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे. आमच्याकडे कोल्हापूरचा रस्ता गोव्याच्या रस्त्यापासून फुटतो. त्यामुळे पालीच्या माणसाला गाडी बदलण्याचा सराव असतो. एका गाडीतून उतरून दुसरीत बसायचं, यात प्रवासी कुठे जिंकतो आणि कुठे हरतो, हे इथल्या शाळकरी मुलालाही कळतं. नदीतल्या बोटीची खरी परीक्षा नेमकी याच ठिकाणी होते.

लहानपणचा एक प्रवास सांगतो. माझी आत्या खाडीपलीकडच्या गावात दिलेली. आईबरोबर मी सकाळी पालीहून निघालो, रत्नागिरीला गाडी बदलली आणि दुपारी धक्क्यावर पोचलो. पलीकडचं गाव समोर दिसत होतं. कौलं मोजता येतील इतकं जवळ. पण सुकती लागलेली, पाणी मागे हटलेलं आणि तर चिखलापलीकडे उभी. पाणी भरेपर्यंत आम्ही नारळाच्या सावलीत बसून राहिलो. शेवटी पलीकडे उतरलो तेव्हा आत्याच्या गावाकडे जाणारी दिवसाची शेवटची गाडी निघून गेली होती. ती रात्र आम्ही धक्क्याजवळच्या एका घराच्या पडवीत काढली. घरच्या माउलीनं भात वाढला, म्हणून निभावलं. खाडी ओलांडायला जेमतेम पंधरा मिनिटं लागली, प्रवासाला मात्र दीड दिवस लागला. दोष तरवाल्याचा नव्हता आणि गाडीवाल्याचाही नव्हता. भरती-ओहोटीचं वेळापत्रक वेगळं, गाडीचं वेगळं, आणि दोघांची गाठ घालून देणारं कुणी नव्हतं.

शहराच्या वाहतुकीत बोटीला बसचा दर्जा देणं ही काही नवी कल्पना नाही. व्हेनिसमध्ये १८८१ पासून प्रवासी बोटी नियमित फेऱ्या करतात. तिथल्या माणसाला ती सहल वाटत नाही. मुंबईकर जसा बेस्टच्या बसमध्ये चढतो, तसा तो बोटीत चढतो. बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीवर १९७१ पासून एक्स्प्रेस बोटी आहेत. शहरातल्या सेन सेप नावाच्या अरुंद कालव्यातही १९९० पासून बोटी धावतात आणि रस्त्यावरच्या कोंडीला कंटाळलेले नोकरदार त्यांनी कामावर जातात.

आपल्या देशातलं ताजं उदाहरण कोचीचं. तिथे २५ एप्रिल २०२३ रोजी 'वॉटर मेट्रो'चं उद्घाटन झालं. पहिले मार्ग दोनच, हायकोर्ट ते वैपीन आणि वैट्टिला ते काक्कनाड. आराखडा मात्र ३८ धक्के आणि ७८ बोटींचा. कोचीच्या आसपास दहा बेटं आहेत, त्यांना शहराशी जोडणं हा मूळ हेतू. शंभर प्रवाशांची बोट कोचीन शिपयार्डनं बांधली, तीही बॅटरीवर चालणारी. धक्क्याला लागली की दहा-पंधरा मिनिटांत चार्ज होते. सुरुवातीचं किमान भाडं २० रुपये ठेवलं होतं.

ही बोट वेगानं धावत नाही. बॅटरीवर तिचा वेग सुमारे आठ नॉट, म्हणजे ताशी जेमतेम पंधरा किलोमीटर. सायकलवाल्यानं जरा जोर लावला तर तो बरोबरीनं येईल. तरीही लोक तिच्यात बसतात. ते का, हे समजून घेतलं तर नदीबसचं निम्मं गणित सुटतं.

पहिली गोष्ट मार्गाची. पाण्यावरची वाहतूक दोन प्रकारची असते. एक नदी आडवी ओलांडणारी आणि दुसरी नदीच्या लांबीनं जाणारी. आडव्या मार्गावर बोटीला निसर्गच मदत करतो. समोरचा काठ एक-दोन किलोमीटरवर असतो, पण रस्त्यानं जायचं तर पूल गाठण्यासाठी मोठा वळसा पडतो. तिथे ताशी पंधरा किलोमीटरची बोटही ताशी पन्नास किलोमीटरच्या गाडीला सहज मागे टाकते. लांबीच्या मार्गावर उलटं होतं. काठाकाठानं रस्ता असतो, रेल्वे असते. बोटीला त्यांच्याशी शर्यत करावी लागते आणि रस्त्यावर बँकॉकसारखी कोंडी नसेल तर ती हरते.

लंडननं हा धडा फार लवकर आणि महागात घेतला. तिथल्या कौंटी कौन्सिलनं १९०५ मध्ये थेम्स नदीवर तीस नव्या आगबोटी सोडल्या. कौतुक खूप झालं. पण काठावर विजेच्या ट्रॅम होत्या, रेल्वे होती, आणि थंडी-धुक्याच्या दिवसांत नदीवरून जायला फारसं कुणी तयार नव्हतं. नोकरदाराला वर्षाचे बाराही महिने जायचं असतं, बोटी मात्र उन्हाळ्यातच भरायच्या. तोटा वाढत गेला आणि १९०७ मध्ये सेवा बंद करावी लागली. पुढे १९९९ मध्ये थेम्स क्लिपर्स नावानं नव्या वेगवान बोटी आल्या. आज त्यांचं भाडं बस आणि भुयारी रेल्वेच्या खालच्याच कार्डानं देता येतं. भाडं वेगळं आहे, बसपेक्षा जास्तही आहे, पण प्रवाशाला तिकिटासाठी दुसऱ्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

मुंबईतही हे दोन्ही प्रकार पाहायला मिळतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२० मध्ये रो-रो बोट सुरू झाली. रो-रो म्हणजे गाड्या एका बाजूनं चढतात आणि दुसऱ्या काठाला उतरतात ती बोट. मुंबईहून अलिबागला रस्त्यानं जायचं तर पनवेल, पेणचा वळसा घालून तीन-चार तास मोडतात, बोट मांडव्याला तासाभरात नेते. हा आडवा मार्ग. त्याचं महत्त्व कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. त्याउलट फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरहून मुंबईसाठी वॉटर टॅक्सी सुरू झाली. चांगल्या बोटी, नवी जेट्टी, थाटाचं उद्घाटन, सगळं होतं. पण बेलापूरहून मुंबईला लोकल आहे आणि वॉटर टॅक्सीचं भाडं लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या कितीतरी पट. शिवाय लोकल गेली तर थोड्याच वेळात दुसरी येते. अपेक्षेइतके प्रवासी मिळाले नाहीत, यात प्रवाशांचं काय चुकलं?

इथे दुसरी गोष्ट येते, फेऱ्यांची. बस आणि सहलीची बोट यांतला फरक इंजिनात नसतो, वेळापत्रकात असतो. सहलीला जाणारा माणूस बोटीसाठी दिवस राखून ठेवतो. कामाला जाणारा एक गाडी चुकली तर दुसरी कधी, एवढंच विचारतो. त्याचं उत्तर 'पंधरा मिनिटांनी' असेल तर ती बस. 'संध्याकाळी' असेल तर ती सहल. आमच्या पालीच्या स्टँडवर मी हे आयुष्यभर पाहत आलो. दर अर्ध्या तासानं गाडी असलेल्या मार्गावर प्रवासी वेळ न पाहता घरातून निघतो. दिवसातून तीनच गाड्या असलेल्या मार्गावरचा माणूस हळूहळू मोटरसायकल घेतो. मग गाडी रिकामी जाते, रिकामी जाते म्हणून एक फेरी कमी होते, आणि फेरी कमी झाली म्हणून आणखी चार जण मोटरसायकल घेतात.

तिसरी गोष्ट धक्क्याची, आणि माझ्या मते ती सगळ्यात मोठी. मुंबईत आज सगळे जे भाऊचा धक्का म्हणतात त्याचं नाव लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्यावरून पडलं. त्यांनी १८४१ मध्ये मूळ धक्का बांधला. बोटी त्यापूर्वीही होत्याच, पण उतारूंचे चढण्या-उतरण्याचे हाल होत. ते हाल थांबवणाऱ्याचं नाव लोकांनी पावणेदोनशे वर्षं जपलं. बोटीवाल्यांपैकी कितींची नावं आज ओठांवर आहेत?

धक्क्याची अडचण भरती-ओहोटीत आहे. कोचीला समुद्राचं पाणी दिवसभरात साधारण मीटरभर किंवा त्याहून कमीच चढतं-उतरतं. रत्नागिरीकडे उधाणाच्या दिवसांत हा फरक अडीच-तीन मीटरच्या आसपास जातो आणि मुंबईला पाच मीटरच्या घरात. पाच मीटर म्हणजे दीड मजला. भरतीला जी बोट धक्क्याच्या पातळीला असते, तीच सुकतीला दीड मजला खाली जाते. मग पायऱ्या उतरायच्या, त्याही शेवाळलेल्या, आणि हलत्या बोटीत पाय टाकायचा. तरणाबांड गडी टाकेल. गुडघे दुखणारी आजी, कडेवर मूल घेतलेली बाई, कुबडी घेतलेला माणूस यांनी काय करायचं?

याचं उत्तर म्हणजे तरंगता धक्का. पोकळ तराफ्यासारखा हा धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे बोटीची फळी आणि धक्का कायम एका पातळीत राहतात. काठापासून तराफ्यापर्यंत एक सांध्यावर हलणारा पूल असतो. पाणी उतरलं की त्याचा उतार वाढतो, चढलं की कमी होतो. कोचीत असेच धक्के बांधले आहेत. चाकाची खुर्चीही थेट बोटीत नेता येते. तिथली बोट दोन समांतर सांगाड्यांची आहे, तिला कॅटामरान म्हणतात. ती कमी हेलकावे खाते आणि मागे लाटाही कमी उठवते, म्हणून काठाची माती ढासळत नाही. आपल्याकडे असा धक्का बांधायचा तर फरक जास्त असल्यामुळे तो पूल अधिक लांब हवा, नाहीतर सुकतीला घसरगुंडी होईल. म्हणजे खर्च अधिक. शिवाय खाडीत गाळ. ठाण्याच्या खाडीत सुकतीला जिथे रोहित पक्षी चरतात, तो सगळा चिखल बोटीच्या दृष्टीनं अडथळाच. तिथे गाळ काढून वाट मोकळी करावी लागते आणि पुन्हा पुन्हा काढावी लागते. 'पाण्याचा रस्ता फुकट आहे, डांबर लागत नाही' असं भाषणांत ऐकायला मिळतं. डांबर लागत नाही हे खरं. गाळ काढायला मात्र पैसे लागतात.

पावसाळ्याचाही विचार केला पाहिजे. गेट वे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात, आणि ते योग्यच आहे. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हाही माणसं दगावली. दोन अपघातांची कारणं वेगळी, पण प्रवासी मोजून घेणं आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असणं ही शिस्त दोन्ही ठिकाणी आठवते. एस.टी.त उभे प्रवासी घेता येतात, बोटीत 'सरका जरा आत' चालत नाही. खाडीच्या आत लाटांचा जोर कमी असतो. म्हणून बारमाही सेवेचा विचार उघड्या समुद्रापेक्षा खाडीत आणि नदीत करणं शहाणपणाचं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. बाणकोटची सावित्री, दाभोळची वाशिष्ठी, जयगडची शास्त्री, भाट्याची काजळी आणि राजापूरची अर्जुना. एकेकाळी यांच्याच पाण्यावरून माल महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूरपर्यंत चढत असे. गाळ साचत गेला, रस्ते झाले आणि ती बंदरं नावापुरती उरली. २०१६ च्या कायद्यानं देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरवले. त्यांत दाभोळ खाडीतली वाशिष्ठी आणि जयगड खाडीतली शास्त्री दोन्ही आहेत. पण कायद्यात नाव आल्यानं धक्क्याला बोट लागत नाही. प्रत्यक्षात लोकांच्या उपयोगी पडल्या त्या आडव्या मार्गाच्या फेरीबोटी. दाभोळ-धोपावे फेरी २००३ मध्ये सुरू झाली. पुढे वेश्वी-बागमांडला आणि जयगड-तवसाळ याही सुरू झाल्या. गुहागरच्या माणसाला दापोली आणि रत्नागिरी दोन्ही जवळ आल्या, त्या या बोटींमुळे. आडवा मार्ग, वळसा वाचवणारा, ठरलेल्या वेळी सुटणारा. वर सांगितलेल्या कसोट्यांना त्या उतरल्या म्हणून टिकल्या.

खाड्यांवर पूल झाले तर या बोटींचं काय, असं लोक विचारतात. याबाबत हळवं होण्यात अर्थ नाही. मध्यरात्री कळा सुरू झालेल्या बाईला पूलच हवा. पण पुलावर सगळं सोपवूनही चालत नाही, हे गोव्यानं अनुभवलं आहे. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी नदीवरचा नेहरू पूल कोसळला आणि सगळा भार पुन्हा फेरीबोटींवर आला. बोटी, धक्के आणि त्या चालवणारी माणसं शाबूत होती म्हणून पणजी आणि बार्देशचा व्यवहार चालू राहिला. आजही दिवाडी, चोडण या बेटांकडे फेरीनंच जातात. ही सेवा सरकारचं नदी परिवहन खातं चालवतं आणि पायी प्रवाशांकडून भाडं घेत नाही. तिथे फेरीबोट म्हणजे रस्त्याचाच तुकडा आहे. रस्त्यावर चालायला आपण तिकीट काढत नाही, तसंच ते.

आपल्याकडे नेमका हाच विचार काठावर येऊन थांबतो. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एस.टी. मोफत झाली, मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं भाडं झालं. पालीची एखादी आजी रत्नागिरीमार्गे खाडीच्या धक्क्यापर्यंत एक पैसा न देता जाते. धक्क्यावर मात्र तिची सवलत संपते. पलीकडे उतरून पुन्हा एस.टी.त बसली की सवलत परत सुरू. मधल्या पाण्यावर ती ज्येष्ठ नागरिक राहत नाही. यात फेरीबोटवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही, त्याला डिझेल रोख घ्यावं लागतं. प्रश्न एवढाच, की आपण त्या पाण्याला रस्ता मानतो की नाही. बोटींची परवानगी आणि जेट्ट्या मेरीटाइम बोर्डाकडे, गाड्या एस.टी. महामंडळाकडे. दोन्ही सरकारीच. पण गाडी आणि बोट यांची वेळ जुळवणं हे नेमकं कुणाच्या टेबलावरचं काम आहे?

केरळात त्यासाठी १९६८ पासून स्वतंत्र राज्य जलवाहतूक खातं आहे. कोचीच्या झगमगाटापेक्षा आपल्याला त्या खात्याची एक साधी बोट जास्त शिकवून जाते. जानेवारी २०१७ मध्ये वैकोम ते तवणक्कडवू या सुमारे अडीच किलोमीटरच्या मार्गावर 'आदित्य' नावाची ७५ प्रवाशांची बोट सुरू झाली. छपरावर सौर पट्ट्या, खाली बॅटरी. देशातली ही पहिली सौर फेरीबोट. आवाज नाही, धूर नाही, डिझेलचा रोजचा खर्च नाही. ज्या खाड्यांवर पूल होणार नाही, जिथे पलीकडे दोन-चार वाड्या आणि शाळेची पोरं आहेत, तिथे मेट्रोचं नाव नको आणि शंभर माणसांची बोटही नको. अशी एक छोटी बोट, एक तरंगता धक्का आणि एस.टी.शी जुळलेली वेळ पुरे.

कोचीत वैट्टिला इथे बसस्थानक, मेट्रोचं स्टेशन आणि बोटीचा धक्का एकाच आवारात आहेत, एकच कार्ड मेट्रोलाही चालतं आणि बोटीलाही. एवढं आपल्याला लगेच जमणार नाही. पण एक गोष्ट उद्यासुद्धा करता येईल, आणि तिला निविदा लागत नाही. रत्नागिरी, गुहागर, दापोलीच्या स्थानकांवर गाड्यांचे फलक आहेत. त्यात जयगड, धोपावे, दाभोळकडे जाणाऱ्या गाड्यांपुढे आणखी एक रकाना आखावा. या गाडीनं गेल्यास बोट किती वाजता मिळेल आणि पलीकडची गाडी किती वाजता, एवढं त्यात लिहावं. तो रकाना भरायला बसलं, की ज्या जागा रिकाम्या राहतील त्या आपोआप दिसतील. त्या दिवशी मी आणि आई अशाच एका रिकाम्या जागेत अडकलो होतो.